दोन पावले लांबून
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एका सभासदाने आपल्या छंदाविषयी चार शब्द बोलावेत, असा आपला जुना रिवाज आहे. विणकाम झाले, गच्चीवरची बाग झाली, मागल्या वर्षी रांगोळी झाली. या खेपेस चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय लिहिला, ‘कीटकांचे छायाचित्रण’. पत्रिका हाती पडताच दोघीतिघींनी मला जिन्यातच गाठले. ‘‘अहो, किड्यांचे फोटो? आणि ते भिंतीवर लावणार की काय?’’ जिन्यात उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हे. आज पाऊण तास मिळाला आहे, तेव्हा सावकाश सांगते.

आधी एक भीती काढून टाकते. झुरळे, ढेकूण, पाली यांच्याविषयी मी बोलणार नाही. पाल तर कीटकही नव्हे. मी ज्यांच्या मागे असते ती मंडळी म्हणजे चतुर, टाचण्या, फुलपाखरे, भुंगे, कुंभारमाश्या आणि नाकतोडे. ही सगळी मोठी भित्री जात. आपण एक पाऊल पुढे टाकले की ती उडालीच. जवळ जाऊन टिपायचे म्हटले तर दिवसभर नुसता पाठलाग होतो आणि हाती लागते ते रिकाम्या फांदीचे चित्र. म्हणून दुरून टिपायचे. झूमचा कॅमेरा त्यासाठी. माझे भाषण एवढ्यावरच संपवता आले असते. पण दुरून टिपणे हे दिसते तितके सोपे नाही, आणि त्यातच सगळी मौज आहे.

मुळात हे जीव इतके भित्रे का, ते आधी पाहू. चतुर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पावसाळ्यात मैदानावर हेलिकॉप्टरसारखे घिरट्या घालतात तेच. त्याच्या डोक्याकडे नीट पाहा. ते डोके म्हणजे जवळजवळ दोन डोळेच असतात. एकेका डोळ्यात बारीक बारीक भिंगे, आणि मोठ्या जातींत त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात जाते. पुढचे, बाजूचे, वरचे आणि बरेचसे मागचेही त्याला एकाच वेळी दिसते. आपल्या डोळ्यांइतका बारकावा त्याला दिसत नाही; तुमच्या साडीचा काठ कोणता हे त्याला कळणार नाही. पण हालचाल कळण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. एखादा दिवा सेकंदाला साठ वेळा लुकलुकला तर आपल्याला तो सलग पेटलेला दिसतो. चपळ माशीला सेकंदाला दोनशे वेळांची लुकलुकसुद्धा वेगळी कळते. आपण माशी मारायला हात उगारतो तेव्हा आपल्याला वाटते, केवढी चपळाई केली! माशीच्या लेखी तो हात जिन्यावरून मोलकरणीची वाट पाहत उतरावे तसा सावकाश येत असतो.

यावरून जवळ कसे जायचे याचे नियम आपोआप निघतात. पहिली गोष्ट, आडवे चालायचे नाही. आपण बाजूने चालत गेलो की आपली आकृती त्याच्या डोळ्यांतल्या एका भिंगावरून दुसऱ्यावर सरकते आणि तो सावध होतो. सरळ त्याच्या रोखाने, हळूहळू गेलो तर आकृती जागच्या जागी फक्त किंचित मोठी होत जाते, आणि ती त्याला उशिरा जाणवते. ही युक्ती माणसाने काढलेली आहे असे समजू नका. खुद्द चतुर हवेतल्या आपसातल्या हुलकावण्यांत आपली हालचाल अशी लपवतात की समोरच्याला ते एका जागी स्थिर असल्यासारखे वाटावेत. अकिको मिझुतानी, जवान चहल आणि मंड्यम श्रीनिवासन या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये चतुरांच्या उड्डाणांची चित्रे तपासून हे दाखवून दिले. ज्याच्याकडे जायचे त्याचीच विद्या वापरायची, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. आपली सावली त्याच्यावर पडली की संपले. त्याच्या अनुभवात वरून येणारी सावली म्हणजे पक्षी. सूर्य आपल्या पाठीशी असावा हे छायाचित्रणाचे पहिले पाठ सांगतात, पण सकाळच्या कलत्या उन्हात आपली सावली चांगली लांबलचक असते, म्हणून सूर्य पाठीशी न ठेवता खांद्याशी ठेवावा. तिसरे, मोकळ्या आकाशासमोर उभे राहू नये. पाठीमागे झाड किंवा कुंपण असेल तर आपली आकृती त्यात मिसळून जाते. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. जरीचा काठ, लखलखणारी बांगडी, घड्याळाची काच यांवर ऊन चमकले की टाचणी उडते. नाकतोडे आणि रातकिडे तर जमिनीतून येणारी पावलांची थरथरसुद्धा ओळखतात. रातकिड्याच्या शेपटीकडे बारीक केसाळ शिंगटे असतात, त्यांना हवेचा हलका झोतही समजतो. तेव्हा तिथे पाय आपटत गेलेल्या बाईचे काय होणार?

आता कॅमेरा. कीटकांसाठी जी खास जवळची भिंगे मिळतात ती फार सुंदर चित्र देतात, यात वाद नाही. पण त्यांतल्या पुष्कळशा भिंगांनी कीटकापासून वीतभर अंतरावर जावे लागते आणि त्यासाठी चिखलात गुडघे टेकावे लागतात. माझे गुडघे आता कशालाच टेकत नाहीत. सत्यनारायणाच्या पूजेला मी खुर्चीवर बसते हे तुम्ही पाहताच. मग माझ्यासारखीने काय करावे? मुलाने तीन वर्षांपूर्वी मला झूमचा कॅमेरा आणून दिला. भिंग बदलायचे नाही, एकच भिंग आत-बाहेर सरकते आणि चोवीस पट जवळचे दाखवते. साठ पट आणि त्याहूनही मोठ्या झूमचे कॅमेरे बाजारात आले, पण कीटकांसाठी त्या मोठ्या आकड्यांची भुरळ पडू देऊ नका. कारण झूम जितका मोठा, तितके पुष्कळ कॅमेऱ्यांना लांब उभे राहावे लागते. अलीकडे आलात तर भिंग स्पष्ट दिसायलाच नकार देते. पन्नास पावलांवरचा बगळा टिपायचा असेल तर मोठा झूम हवा. दोन मीटरवरची टाचणी टिपायची असेल तर कॅमेरा घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे, ‘‘पूर्ण झूम केल्यावर हा किती जवळचे स्पष्ट दाखवतो?’’ माझा कॅमेरा साधारण एक मीटरपर्यंतचे दाखवतो. दुकानदार या प्रश्नाने गोंधळतो. गोंधळू द्यावा.

हिशेब सांगते, म्हणजे पटेल. माझ्या कॅमेऱ्याचा पूर्ण झूम म्हणजे जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यातल्या ६०० मिलिमीटरच्या भिंगाबरोबर. दोन मीटरवरून त्यात सुमारे १२ सेंटीमीटर रुंदीचा देखावा मावतो, म्हणजे अर्धी वीत. साडेचार सेंटीमीटरचा चतुर त्यात एकतृतीयांशाहून जास्त जागा व्यापतो. पुष्कळ झाले की! आणि दोन मीटर म्हणजे दोन मोठी पावले. तेवढ्या अंतरावर बहुतेक चतुर आपल्याला खपवून घेतात. दुरून टिपण्याचा आणखी एक फायदा असा की मागची झाडी, दोरीवरचे कपडे, पडकी भिंत, हे सगळे पुसट होऊन जाते आणि चतुर तेवढा उठून दिसतो.

पण झूमच्या आकड्यात एक फसवणूक असते ती ओळखून असावे. भिंग सरकून जो झूम होतो तो खरा. त्यापुढे कॅमेरा किंवा मोबाइल जो झूम दाखवतो तो म्हणजे वाटीभर ताकात पाणी घालून तांब्याभर करणे. दिसायला मोठे, चवीला पाणी. तो झूम बंदच करून ठेवावा.

आता ज्यांना भुंग्याच्या अंगावरची लव पाहायची हौस आहे त्यांच्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती या सभागृहातल्या निम्म्या बायकांच्या नाकावर बसलेली आहे. चाळिशीचा चष्मा! जवळचे दिसेना झाले की डॉक्टर आपल्याला अधिक दोन नंबर देतात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढेही तसेच अधिक दोन नंबरचे भिंग आट्यांनी बसवता येते. त्याचे गणितही आपल्या चष्म्याचेच. कॅमेरा अगदी दूरवर पाहत असेल तर अधिक एकच्या भिंगाने एक मीटरवरचे स्पष्ट दिसते, अधिक दोनच्या भिंगाने अर्ध्या मीटरवरचे, अधिक चारच्या भिंगाने पाव मीटरवरचे. अधिक दोनचे लावून मी पूर्ण झूम केला की अवघ्या तीन सेंटीमीटरचा देखावा चौकट भरून येतो. मधमाशीच्या पायाला लागलेला परागाचा गोळा स्पष्ट दिसतो. फार बुजऱ्या जिवांना मात्र अर्धा मीटर खपत नाही. त्यांच्यासाठी अधिक एक बरे. हे भिंग चांगल्या प्रतीचे, दोन काचा जोडलेले घ्यावे. स्वस्तातल्या एकेरी काचेने कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येतात.

यात अडचण एकच, स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी. दोन मीटरवरून ती सेंटीमीटरभर मिळते. चष्मा चढवला की मिलिमीटरभर. म्हणजे डोळे स्पष्ट तर शेपटी पुसट. उपाय असा की चतुराच्या अंगाला समांतर उभे राहावे, पंख पसरले असतील तर पंखांसमोर यावे, आणि काही पुसट राहणारच असेल तर डोळे तरी स्पष्ट असावेत. माणसाच्या फोटोतही आपण तेच पाहतो.

हाताचा कंप ही दुसरी पीडा. ६०० चे भिंग असेल तर सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून कमी वेळ पडदा उघडावा, असा जुना ठोकताळा आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यात कंप सावरणारी सोय असते, तिने हाताचा कंप सावरतो. वाऱ्याने डोलणारी काडी सावरत नाही. मी हजाराव्या भागाच्या खाली सहसा जात नाही. आणि तिकाटणे घेऊन फिरण्यापेक्षा दोन किलो तांदळाची पिशवी बरी. कुंपणावर, दगडावर, कट्ट्यावर पिशवी ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा; घरी आल्यावर तांदूळ पुन्हा डब्यात. जिथे टेकायला काही नसेल तिथे कोपर पोटाशी घट्ट धरून, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबावे. शिवण शिवताना दोरा ओवताना आपण काय करतो? श्वास रोखतोच ना.

पूर्ण झूममध्ये कीटक शोधणे म्हणजे नळीतून आकाशात पतंग शोधणे. म्हणून आधी झूम न करता कीटक चौकटीच्या मधोमध आणावा आणि मग हळूहळू झूम वाढवावा. कॅमेऱ्याला टाचणी दिसत नाही, तिच्यामागचे गवत दिसते, आणि तो मूर्ख गवतच स्पष्ट करून बसतो. अशा वेळी टाचणीइतक्याच अंतरावरची जाड काडी किंवा पान पाहून बटण अर्धे दाबून धरायचे, मग कॅमेरा टाचणीकडे वळवून पूर्ण दाबायचे. आठवडाभरात हाताला वळण पडते.

एवढे सगळे करून चतुर उडाला तर? जागचे हलू नये. या शास्त्रातले माझे सर्वांत मोलाचे ज्ञान हेच आहे. तळ्याकाठी बसणाऱ्या चतुरांतले पुष्कळ नर आपल्या हद्दीची राखण करतात. ते उडतात, एक फेरी मारतात, आगंतुकाला हाकलतात, एखादा डास पकडतात आणि बऱ्याचदा त्याच काडीवर परत येऊन बसतात. तेव्हा काडीवर कॅमेरा रोखून स्वस्थ उभे राहावे. पाठलाग करणाऱ्याला काहीच मिळत नाही, उभे राहणाऱ्याला मिळते. मात्र असे उभे राहिले की लोक विचारतात. एका झुडपासमोर मी वीस मिनिटे उभी होते तेव्हा रखवालदाराने दोनदा येऊन विचारले, ‘‘आजी, काय हरवलं?’’ तिसऱ्यांदा तो माझ्याच शेजारी उभा राहिला आणि काडीकडे पाहू लागला. आता तोच मला सांगतो, आज लाल आला आहे म्हणून.

वेळेचे म्हणाल तर सकाळ. कीटकांचे रक्त आपल्यासारखे ऊबदार नसते. पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी सात ते नऊ फुलपाखरे पंख पसरून उन्हात बसलेली असतात. हिवाळ्यात तर आणखी उशिरापर्यंत. भर दुपारी ती मंडळी उन्मत्त असतात, तरी दुपारचीही एक मौज आहे. ऊन फार तापले की काही चतुर डोके खाली आणि शेपूट सरळ सूर्याकडे करून, जणू शीर्षासन घालून बसतात. तसे बसले की अंगावर ऊन कमीत कमी पडते. पावसाळ्यानंतर ओल्या मातीवर फुलपाखरांचे घोळके चिखल शोषत बसतात, त्यांत बहुतेक नर असतात, आणि त्यांना मातीतले क्षार हवे असतात. त्या वेळी ती इतकी तल्लीन असतात की एरवी दहा पावलांवरून उडणारे फुलपाखरू तुम्हाला दोन पावलांवर येऊ देते.

फुलपाखरांवरून आठवले. आपल्या राज्याने २०१५ मध्ये ‘नीलवंत’ हे राज्य फुलपाखरू ठरवले; असे करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. काळा मखमली पंख आणि मागल्या पंखावर निळाईचा पट्टा. लिंबाच्या जातीच्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात. दिसायला राजबिंडे, पण टिपायला भारी खट्याळ, कारण फुलातला रस पितानाही त्याचे पंख फडफडतच असतात. आणि आपल्या मंडळाला शोभेल असे दुसरे एक फुलपाखरू आहे, त्याचे नावच ‘हळदीकुंकू’. ते बसून पंख मिटते तेव्हा त्याची खालची बाजू दिसते, पिवळ्याधमक रंगावर काळ्या शिरा आणि कडेला कुंकवाच्या टिकल्या. त्याच्या अळ्या बांडगुळावर पोसतात, म्हणजे आंब्यावरचे जे बांडगूळ आपण कापा म्हणतो तेच त्यांचे माहेर. हे फुलपाखरू झाडाच्या शेंड्यापाशी उंच उडते. झूमचा कॅमेरा नसता तर मला त्याच्या टिकल्या कधी दिसल्या नसत्या. बांडगूळ कापू नका असे मी म्हणत नाही, आंब्याचाही विचार करायला हवा. एखादी फांदी ठेवा एवढेच.

ही हौस बाईमाणसाची नव्हे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन नावे सांगते. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ मध्ये जर्मनीत जन्मलेली बाई. अळीचे फुलपाखरू कसे होते हे ती स्वतः अळ्या पाळून, पाहून, रंगवीत असे. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या कीटकांची चित्रे १७०५ मध्ये ग्रंथरूपाने तिने प्रसिद्ध केली. दुसऱ्या होमाई व्यारावाला. नवसारीत जन्म, मुंबईत शिक्षण, आणि वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन त्या पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ मध्ये त्या वारल्या. साध्या फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूमचे भिंग १९५९ मध्ये फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने बाजारात आणले, आणि ते ३६ पासून ८२ पर्यंतच सरके, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. आज आपल्या पिशवीत मावेल अशा कॅमेऱ्यात चोवीस पट आहे. तेव्हा साधनांची सबब आपल्याला सांगता येणार नाही.

जुने अभ्यासक कीटक मारून टाचणीला टोचून ठेवत. शास्त्राला त्याची गरज होती आणि काही ठिकाणी आजही आहे. हौशी माणसाला नाही. सुंदर फोटोसाठी कीटक शीतकपाटात ठेवून गारठवणारेही लोक असतात. गारठलेला जीव उडत नाही, मग खुशाल टिपावा. मला ते पसंत नाही. माझा नातू सुटीत आला तेव्हा मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याच्याकडून खडे उचलवत होती. हा खेळ आपणही लहानपणी पाहिला आहे. मी त्याला रागावले नाही. कॅमेरा त्याच्या हाती दिला आणि म्हटले, त्याच्या डोळ्यांचा फोटो काढून दाखव. त्यासाठी चतुर स्वस्थ बसायला हवा, म्हणून दोरा त्याने आपणच सोडला. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस फोटो काढले, त्यांत चतुर दोनच होते, बाकी नुसत्या काड्या. तिसऱ्या दिवशी डोळे आले. शेजारची चार पोरे आता रांग लावतात.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले त्याकडे येते. आपल्या वसाहतीमागे तळ्याचा जो कोपरा उरला आहे, तो भरून तिथे वाहने उभी करायला फरशी घालावी, असा विषय पुढल्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. कारण दिले आहे डासांचे. डासांचा त्रास मला मान्य आहे; माझ्याच घरात दोघांना डेंग्यू होऊन गेला. पण डेंग्यूचा डास कुठे वाढतो? फुलदाणीत, कुंडीखालच्या ताटलीत, शीतकपाटामागच्या तबकात, गच्चीवर टाकलेल्या टायरमध्ये. स्वच्छ आणि साठलेल्या थोड्या पाण्यात. ते सारे आपल्या घरांत आहे, तळ्यात नाही. तळ्यात एकही डास होत नाही असे मी म्हणणार नाही, पण तळ्यात डासांच्या अळ्या खाणाराही राहतो. चतुराची मादी अंडी पाण्यात घालते. त्यांतून निघालेली पिल्ले कित्येक आठवडे, काही जातींत महिनोन् महिने पाण्याखाली असतात. त्यांचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. तो झटकन पुढे येतो आणि भक्ष्य पकडतो. डासांच्या अळ्या हे त्यांचे खाणे. मोठे झाल्यावर हवेतले डास. तळे भरले तर हे शिपाई जातील, आणि फुलदाण्या राहतील.

गेल्या तीन पावसाळ्यांत त्या कोपऱ्यावर मी १९ जातींचे चतुर आणि टाचण्या टिपल्या. सगळ्यांचे फोटो तारखांसह वहीत आहेत. त्यांत एक किरमिजी आहे, ज्याची मादी पिवळट तपकिरी. तीन महिने मी त्या दोघांना वेगळ्या जाती समजत होते, एका फोटोत ती जोडीने आली तेव्हा उलगडा झाला. त्यांत पिवळसर, साधासा दिसणारा एक भटक्या चतुरही आहे. पावसाळा सरताना संध्याकाळी मैदानावर ज्यांचे थवे उडतात तोच. त्याचे वजन एका ग्रॅमहून कमी. मालदीव बेटांवर राहणारे सागरशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आले की दर ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर तिथे लाखोंनी येतात. पण त्या बेटांवर गोडे पाणी जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथले नव्हेत. वर्षानुवर्षे तारखा टिपून त्यांनी २००९ मध्ये मांडले की हे भारताकडून निघून, ईशान्येच्या वाऱ्यांवर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. वाटेत शेकडो मैल नुसते पाणी. आणि ही जात वाढते कशात? पावसाने साचलेल्या उथळ, तात्पुरत्या डबक्यांत. आपल्या मागच्या कोपऱ्यासारख्या.

सभेत बोलायला मी उभी राहीन, पण एकट्या म्हाताऱ्या बाईच्या वहीला कोण विचारतो? ज्यांनी स्वतः पाहिले आहे अशा दहा बायका उठून बोलल्या तर गोष्ट निराळी. भरावे की राखावे, ते पाहून झाल्यावर तुम्ही ठरवा; राखायचे ठरले तर काठाची सफाई आणि आपापल्या घरातल्या ताटल्या रिकाम्या करणे हे काम मंडळाने अंगावर घ्यावे, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला मागच्या फाटकापाशी जमू. कॅमेरा एकच आहे, पाळीपाळीने पाहू. ज्यांच्याकडे लग्नसमारंभासाठी घेतलेले झूमचे कॅमेरे कपाटात पडून आहेत त्यांनी ते सेल भरून आणावेत. मातकट साड्या नेसा, बांगड्या कमी घाला आणि पायांत सपाट चपला असू द्या. तांदळाची पिशवी मी आणते. चहा परतल्यावर माझ्याकडे आहे.